रिन्यूअलचा अर्ज वेळेत टाकला, लायसन्स संपलं, उत्तर अजून नाही. तोवर ट्रान्समिट करायचं की नाही?

लाँगवायर

नमस्कार मंडळी. हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या लायसन्सच्या रिन्यूअलबद्दल विचारायचंय आणि थोडं मनातलं पण बोलायचंय, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. देश कुठला ते मुद्दाम लिहीत नाहीये, इथे चार देशांतले लोक आहेत आणि मला कुठल्या ऑफिसचं नाव खराब करायचं नाहीये, मला फक्त नियम नीट समजून घ्यायचाय.

झालंय असं की मुदत संपायच्या अडीच महिने आधी मी ऑनलाइन अर्ज केला, फी भरली, जुन्या लायसन्सची कॉपी, ओळखपत्र, फोटो सगळं जोडलं, पावती नंबर पण आला. त्यानंतर स्टेटस जे 'प्रक्रियेत' म्हणून बसलंय ते आजपर्यंत तिथेच आहे. मधे मुदत संपून गेली, त्याला आता पाच महिने होत आले. तीन मेल टाकले, एकालाच उत्तर आलं आणि ते पण आपोआप जाणारं, "तुमचा मेल मिळाला" एवढंच. फोन एकदा लागला तर म्हणाले फाइल वर गेलीये. वर म्हणजे कोणाकडे, आणि तिथे कशासाठी थांबलीये, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मुदत संपली त्या रात्री मी रिगचा, म्हणजे रेडिओ सेटचा, माइक काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, चुकूनसुद्धा पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं जाऊ नये म्हणून. रिसीव्हर मात्र चालू ठेवतो आणि खरं सांगू का, त्याचाच जास्त त्रास होतो. रोज सकाळी ४० मीटर बँडवर आमचं छोटंसं नेट, म्हणजे ठरल्या वेळी हवेवर सगळ्यांनी भेटायचा कार्यक्रम, असतं, त्यात एक काका आहेत, वय ऐंशीच्या पुढे, घराबाहेर पडता येत नाही, त्यांचा दिवस त्या नेटवरच उजाडतो. नेट कंट्रोल, म्हणजे हजेरी घेऊन एकेकाला बोलायला द्यायचं काम, बरीच वर्षं मी करायचो. आता ते रोज माझा कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळालेली हवेवरची ओळख) पुकारतात, दोनदा पुकारतात, थोडं थांबतात आणि मग पुढच्या स्टेशनकडे जातात. मला ते फाइव्ह नाइन, म्हणजे अगदी स्पष्ट, येतात आणि मी उत्तर देऊ शकत नाही. फोन करून सगळं सांगितलंय त्यांना तरी पुकारतातच. म्हणाले, "तू ऐकतोयस हे मला माहितीये ना."

तर विचारायचं हे की अर्ज वेळेत केलेला असेल तर निर्णय येईपर्यंत ट्रान्समिट करता येतं का? एक मित्र म्हणतो बिनधास्त कर, दुसरा म्हणतो संपलं म्हणजे संपलं. आणि बावीस वर्षं वापरलेला कॉलसाइन या सगळ्यात दुसऱ्या कोणाला दिला तर जाणार नाही ना? आणि अडकलेली फाइल हलवायची कशी, कोणी हलवलीये का?

ब्रासपाउंडर

लाँगवायर दादा, माइक काढून ठेवलात ते योग्य केलंत हे आधी सांगतो, कारण नियम वाचल्याशिवाय ट्रान्समिटची की दाबायची नाही हेच बरोबर.

तुमचे दोन्ही मित्र अर्धे अर्धे बरोबर आहेत. मुळात आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत कलम १८ आहे, त्याप्रमाणे कुठल्याही खासगी व्यक्तीला आपल्या देशाच्या सरकारने दिलेल्या लायसन्सशिवाय ट्रान्समीटर उभा करता किंवा चालवता येत नाही. मग रिन्यूअल लटकलेलं असताना 'लायसन्स आहे' म्हणायचं की 'नाही', हे तुमच्या देशाचा नियम ठरवतो. अमेरिकेचं बघा, तिथे हॅमच्या नियमांत, पार्ट ९७ मध्ये, हे स्पष्ट लिहिलंय म्हणून उदाहरण घेतो. लायसन्स १० वर्षांचं, रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत एफसीसीकडे (लायसन्स देणारा तिथला सरकारी आयोग) पोचलेला असेल तर अर्जाचा अंतिम निकाल लागेपर्यंत ऑपरेट करायचा अधिकार चालू राहतो. पण तोच अर्ज एक दिवस उशिरा गेला तर गोष्टच बदलते. दोन वर्षांची सवलतीची मुदत मिळते, म्हणजे परीक्षा पुन्हा न देता रिन्यूअल करता येतं, पण त्या काळात ट्रान्समिट अजिबात करता येत नाही. खूप लोक इथे फसतात, 'ग्रेस पिरियड' ऐकलं की त्यांना वाटतं चालतंय.

म्हणजे स्क्रीनवर दोघांचंही स्टेटस 'पेंडिंग' दिसतं, पण एकाला बोलायची मुभा आहे आणि दुसरा बोलला तर विनापरवाना.

तुमच्या नियमात "अर्जावर निर्णय होईपर्यंत परवाना अमलात राहील" अशा अर्थाचं वाक्य शोधा. कधी ते हॅमच्या नियमात नसतं, सगळ्या परवान्यांना लागू होणाऱ्या प्रशासकीय कायद्यात असतं, तिथेही बघा. सापडलं तर त्या पानाची प्रिंट आणि अर्जाची पावती शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, लावून ठेवा. नाही सापडलं तर गप्प राहायचं, अर्ज कितीही आधी केलेला असू दे.

कॉलसाइनचं पण तसंच, अमेरिकेत मुदत संपल्यावर दोन वर्षं तो दुसऱ्याला देत नाहीत. तुमच्याकडे किती काळ राखून ठेवतात ते त्याच नियमात असेल. अर्ज पेंडिंग असताना सहसा कोणी हात लावत नाही पण लेखी विचारून ठेवलेलं बरं.

क्यूआरपी_५वॅट

मला हे पटत नाही ब्रासपाउंडर सर. माणसाने अडीच महिने आधी अर्ज केला, फी भरली, सगळे कागद दिले, त्याचं काम त्याने केलं. उशीर समोरून झाला मग शिक्षा याला का? पाच वॅटवर सकाळी दहा मिनिटं त्या काकांशी बोलला तर कोणाचं काय बिघडणार आहे, स्पेक्ट्रमला काही इजा होते का? मी असतो तर बोललो असतो. ती फाइल दोन वर्षं पडून राहिली तर दोन वर्षं तोंड बंद ठेवायचं?

ब्रासपाउंडर

५वॅट, राग समजतो रे, माझाही तोच आहे. पण उशीर अन्यायाचा आहे म्हणून परवाना आपोआप तयार होत नाही. व्यवहाराचं बोलायचं तर आज दादांची बाजू पूर्ण स्वच्छ आहे, ते कुठेही जाऊन मान वर करून विचारू शकतात की माझा अर्ज का थांबलाय. एक क्यूएसओ, म्हणजे हवेवरचा संवाद, केला आणि कोणी रेकॉर्ड करून पाठवला की प्रश्न उलटतो, मग उशीर का झाला हे कोणी विचारणार नाही, मुदत संपल्यावर का बोललात हे विचारतील, आणि तोच अर्ज नाकारायला कारण मिळेल. बावीस वर्षांचा कॉलसाइन दहा मिनिटांसाठी पणाला लावायचा का?

आणि समोरच्या काकांचाही विचार कर, विनापरवाना स्टेशनशी बोलणं बऱ्याच ठिकाणी त्यांच्याही अंगाशी येऊ शकतं.

यागीवाली

दादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते कारण मी यातून गेलेय, माझं रिन्यूअल अकरा महिने अडकलं होतं.

मी पण तुमच्यासारखे मेल टाकत होते, "माझा अर्ज कधी मंजूर होईल?" या प्रश्नाला उत्तर येतच नाही हो, कारण ते उत्तर टेबलावरच्या माणसाकडे नसतंच. एका ओळखीच्या बाईंनी, त्या वेगळ्याच खात्यात पण अशाच फाइलींवर काम करायच्या, मला सांगितलं की असं विचारायचंच नाही. विचारायचं, "माझ्या अर्जात काही त्रुटी नोंदवलेली आहे का, असेल तर कुठली, कुठल्या तारखेला नोंदवली आणि ती मला कुठल्या पत्त्यावर कळवली?" याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं. मी हे चार ओळीत लिहून पाठवलं आणि आठवड्यात कळलं की माझी फाइल 'अर्जदाराच्या उत्तराच्या प्रतीक्षेत' होती! म्हणजे मी त्यांची वाट बघत होते आणि ते माझी.

कारण अगदी साधं होतं. माझं पहिलं लायसन्स कागदी रजिस्टरच्या काळातलं, त्यात माझ्या नावाची नुसती आद्याक्षरं आणि माहेरचं आडनाव. आता सगळं कॉम्प्युटरवर आलं, ओळखपत्रावर पूर्ण नाव आणि दुसरं आडनाव, सिस्टीमला दोन नावं जुळेनात. त्यांनी त्रुटीचं पत्र पाठवलं ते रजिस्टरमधल्या जुन्या पत्त्यावर, तिथून आम्ही केव्हाच हललोय. नाव बदलल्याचा पुरावा दिला आणि त्यानंतर तीन आठवड्यात लायसन्स हातात.

अजून एक, कंटाळून दुसरा अर्ज टाकू नका. मी टाकला होता. एकाच कॉलसाइनवर दोन अर्ज दिसले की दोन्ही बाजूला काढून ठेवतात, आणि मग आधी त्यातला एक रद्द करायचं वेगळंच काम मागे लागतं.

आणि जुना ईमेल उघडून बघा, शेवटच्या रिन्यूअलला जो दिला होता तो. स्पॅमपण बघा. अमेरिकेत तर २०२१ पासून अर्जावर ईमेल देणं सक्तीचं आहे आणि सगळं तिकडेच येतं, बाकीचे देशही हळूहळू तिकडेच चाललेत. आपण मात्र दहा वर्षांपूर्वीचा ईमेल विसरून गेलेलो असतो.

ग्राउंड_प्लेन

यागीवाली ताईंनी सांगितलं ते सोनं आहे, आधी ते करा. मी थोडं मागचं सांगतो.

उशिराचे दोन प्रकार असतात आणि त्यांची गल्लत करू नये. एक म्हणजे सगळ्यांचंच थांबतं. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत सरकारी शटडाउन झालं तेव्हा एफसीसीची लायसन्सची ऑनलाइन यंत्रणा १६ दिवस बंद होती, कोणाचंच काही हलेना. असा उशीर त्रासाचा पण कळतो तरी, आणि संपतो.

दुसरा म्हणजे तुमचा एकट्याचा अर्ज बाजूला काढला जातो. यातलं गाजलेलं प्रकरण केव्हिन मिटनिकचं, तोच प्रसिद्ध हॅकर, तो पण हॅम होता. तुरुंगात असताना १९९९ मध्ये त्याच्या लायसन्सची मुदत संपत आली, त्याने वेळेत अर्ज केला. एफसीसीने लगेच हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, दोन वर्षांनी म्हणजे २००१ च्या शेवटी तो अर्ज सुनावणीला लावला, प्रश्न हा की ज्याने फसवणूक केली त्याच्यावर लायसन्सधारक म्हणून विश्वास ठेवायचा का. सुनावणी होऊन २००२ च्या डिसेंबरमध्ये रिन्यूअल मंजूर झालं. त्याने केलेल्या गुन्ह्यांबद्दल मला काही सहानुभूती नाही, पण तीन वर्षं एका साध्या फॉर्मसाठी, आणि शेवटी उत्तर 'हो' होतं!

उलटं पण झालंय. तिथल्याच एका ऑपरेटरवर मुद्दाम दुसऱ्यांच्या बोलण्यात अडथळा आणल्याचे आरोप होते, त्याचं रिन्यूअल २००८ मध्ये सुनावणीला लावलं आणि २०१८ मध्ये जाऊन अर्ज बाद झाला. दहा वर्षं! आणि अर्ज वेळेत केलेला असल्यामुळे वर ब्रासपाउंडर म्हणाले तो नियम त्यालाही लागू, म्हणजे इतकी वर्षं त्याचा ऑपरेट करायचा अधिकार चालूच. आता सांगा यात कोणाचं भलं झालं? आरोप खरे असतील तर त्या फ्रिक्वेन्सीवरच्या बाकी लोकांनी दहा वर्षं सोसलं, आणि खोटे असतील तर त्या माणसाने दहा वर्षं डोक्यावर टांगती तलवार घेऊन काढली. म्हणून मला उशीर हा निर्णयापेक्षा वाईट वाटतो. नकार आला तर अपील करता येतं, कारण मागता येतं. शांततेविरुद्ध अपील कुठे करणार?

माझं तर ठाम मत झालंय की नियमातच लिहायला पाहिजे, अमुक दिवसांत निर्णय नाही आला तर रिन्यूअल झालं असं समजावं. पहिल्या लायसन्सला तपासणी करा, हवी तितकी करा, पण रिन्यूअल म्हणजे काय? माणूस तोच, परीक्षा पास झालेली, वर्षानुवर्षं तक्रार नाही.

आणि खरं तर काही देशांनी रिन्यूअलचा प्रश्नच मुळातून काढून टाकलाय. कॅनडात ऑपरेटरचं प्रमाणपत्र आयुष्यभराचं असतं. ब्रिटनमध्ये २००६ च्या अखेरपासून लायसन्स आयुष्यभराचं, फक्त पाच वर्षांत एकदा आपली माहिती बरोबर आहे एवढं ऑनलाइन सांगायचं. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या फेब्रुवारीपासून वैयक्तिक लायसन्स बंद करून सगळ्या हॅमना एका क्लास लायसन्सखाली, म्हणजे सगळ्यांना मिळून एकाच सामायिक परवान्याखाली, आणलं. आभाळ कुठे कोसळलं नाही.

यागीवाली

ग्राउंड_प्लेन, एकच भर घालते. पाच वर्षांतून एकदा 'मी आहे' असं सांगायला लावणं चांगलंच आहे, नाहीतर सायलेंट की झालेल्यांचे, म्हणजे वारलेल्या हॅमचे, कॉलसाइन कायम अडकून राहतात आणि यादीत नक्की किती ऑपरेटर जिवंत आहेत तेच कळत नाही. ब्रिटनवाल्यांची पद्धत मला म्हणूनच आवडते, त्यात समोरच्या माणसाने काही 'ठरवायचं' नसतं, आपण फक्त सांगायचं. उशीर होतो तो ठरवण्यात.

कोअ‍ॅक्स

लाँगवायर दादा, बाकी सगळं वर आलंय, मी फक्त मधल्या काळाचं सांगतो कारण एक गोष्ट कोणीच काढली नाही. माइक ड्रॉवरमध्ये ठेवलात पण आपोआप ट्रान्समिट करणारं काही चालू नाहीये ना? गाडीतला एपीआरएस ट्रॅकर, घरातला डिजिटल हॉटस्पॉट, डब्ल्यूएसपीआर बीकन, एफटी८ लावून ठेवलेला कॉम्प्युटर. हॉटस्पॉट अगदी काही मिलिवॅटचा असतो म्हणून लोक विसरतात, पण तो पण ट्रान्समीटरच आणि तुमच्या कॉलसाइनवर चालतो. एकोलिंकचं, म्हणजे इंटरनेटवरून हॅम स्टेशनांना जोडणाऱ्या सोयीचं, पण तसंच, मोबाइलवरून बोललो म्हणजे इंटरनेट झालं असं वाटतं पण पलीकडे तो आवाज कुठल्यातरी रिपीटरवरून (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या स्टेशनवरून) हवेत जाऊ शकतो, आणि ती सोय लायसन्सधारकांसाठीच आहे.

तुम्ही एखाद्या क्लबच्या स्टेशनची किंवा रिपीटरची जबाबदारी घेतलेली असेल तर ती आजच्या आज लेखी दुसऱ्याकडे द्या, नाहीतर तुमच्याबरोबर अख्खा रिपीटर अडकेल.

बाहेरच्या देशात जायचं असेल तर पावतीच्या भरवशावर रिग नेऊ नका. युरोपात सीईपीटी या तिथल्या दूरसंचार संघटनेची टी/आर ६१-०१ शिफारस आहे, तिच्यावर तीन महिन्यांपर्यंत बाहेर ऑपरेट करता येतं, पण ते स्वतःच्या देशाचं चालू लायसन्स हातात असेल तर. तुमच्या घरी 'पेंडिंग'ला कायद्याने काही अर्थ असला तरी दुसऱ्या देशातला अधिकारी कागदावरची तारीख बघणार.

आणि काकांचं. बऱ्याच देशांत लायसन्स असलेला ऑपरेटर स्वतः समोर बसलेला असेल, कंट्रोल त्याच्या हातात असेल आणि कॉलसाइन त्याचा वापरला तर दुसऱ्या माणसाला त्याच्या स्टेशनवरून बोलता येतं. तुमच्याकडे चालतं का ते बघा आणि चालत असेल तर एखाद्या सकाळी मित्राच्या शॅकमध्ये जा.

लाँगवायर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, मनापासून आभार सगळ्यांचे.

कोअ‍ॅक्स, हॉटस्पॉट चालू होता. मी वाचलं आणि उठून आधी त्याची वायर काढली. पाच महिने तो तिथे लुकलुकत होता आणि माझ्या लक्षातच नव्हतं, हे मी ऑफिसला पण लेखी कळवलंय, लपवायचं नाही असं ठरवलं.

ब्रासपाउंडर सर, तुम्ही म्हणालात तसं वाक्य सापडलं, हॅमच्या नियमात नाही, सगळ्या परवान्यांच्या कायद्यातच. पण त्यात शब्द आहेत 'मुदतीत केलेला आणि परिपूर्ण अर्ज'. मुदतीत तर होता, परिपूर्ण होता का तेच माहीत नव्हतं. म्हणून यागीवाली ताईंचा प्रश्न जसाच्या तसा लिहून पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं! त्रुटी होती. लायसन्सवरचा स्टेशनचा पत्ता आणि ओळखपत्रावरचा पत्ता वेगळा, कारण अँटेना भावाच्या घराच्या गच्चीवर आहे आणि मी त्याचं संमतीपत्र पुन्हा जोडलं नव्हतं, मला वाटलं मागच्या वेळचं फाइलमध्ये असेल. त्यांनी कळवलं होतं ते जुन्या ऑफिसच्या ईमेलवर, ती नोकरी सोडून मला सहा वर्षं झाली. संमतीपत्र त्याच दिवशी दिलं. स्टेटस अजून 'प्रक्रियेत'च आहे पण आता निदान कशासाठी थांबलं होतं ते कळलं. अर्ज कुठल्या तारखेपासून परिपूर्ण धरताय हे लेखी विचारलंय आणि त्याचं उत्तर येईपर्यंत माझा माइक ड्रॉवरमध्येच आहे. ५वॅट, राग धरू नकोस, तुझं म्हणणं मनाला पटतं पण हे असंच करणार.

आणि एक. आमच्याकडे कोअ‍ॅक्सने सांगितलेलं चालतं, नियमात आहे, मी दोनदा वाचून खात्री केली. परवा पहाटे मित्राच्या शॅकमध्ये गेलो. तो शेजारी बसला, त्याचा कॉलसाइन दिला आणि मी बोललो. काकांनी आवाज ओळखला. काही सेकंद नुसताच नॉइज, मला वाटलं फेड झाला. मग म्हणाले, "नेट कंट्रोल, तुमचा रिपोर्ट फाइव्ह नाइन प्लस, आता आधी सगळ्यांची हजेरी घ्या, गप्पा नंतर."

घेतली हजेरी. अकरा स्टेशन होती.

ब्रासपाउंडर

त्या अकरामधलं सातवं मी होतो दादा. आवाज ओळखीचा वाटला, पण कॉलसाइन वेगळा होता म्हणून विचारलं नाही. तारखेचं उत्तर आलं की इथे नक्की टाका, त्या 'परिपूर्ण' शब्दाचा अर्थ ते कसा लावतात ते बाकीच्यांनाही लागेल. ७३, म्हणजे शुभेच्छा.